नोकरी मिळाली, काम मिळालं नाही, आणि टॉयलेटची किल्ली वॉचमनकडे

प्रश्न थोडक्यात: पत्र लिहिणारी २६ वर्षांची ट्रान्स स्त्री आहे. अठराव्या वर्षी घर सुटलं, डेऱ्यात, म्हणजे आपल्या समुदायातल्या गुरूंच्या घरी, राहून बाहेरून बी.कॉम. केलं, टॅली शिकली. आठ महिन्यांपूर्वी एका कंपनीने 'डायव्हर्सिटी' भरतीत तिला अकाउंट्ससाठी घेतलं. नोकरी कंत्राटी, थर्ड पार्टीच्या पेरोलवर, अकरा महिन्यांची. पण अकाउंट्सचं काम तिच्याकडे येतच नाही, व्हिजिटर रजिस्टर सांभाळायचं आणि झेरॉक्स काढायच्या एवढंच, कार्यक्रम असला की मात्र फोटोत पुढे उभं करतात. लेडीज टॉयलेट वापरू नको असं तोंडी सांगितलंय, दुसऱ्या मजल्यावरचं दिव्यांगांसाठीचं टॉयलेट वापरायचं आणि त्याची किल्ली वॉचमनकडून मागून घ्यायची. म्हणून ती दिवसभर पाणी पीत नाही, दोनदा इन्फेक्शन झालंय. टीम लीड कागदावरचं जुनं नाव मुद्दाम मोठ्याने घेतो, एक सहकारी 'ऑपरेशन झालं का' विचारत राहतो. घरमालकाने रूम खाली करायला सांगितलीये. गुरू म्हणतात, परत ये. आणि आता एचआरने पुढच्या महिन्यातल्या मोठ्या कार्यक्रमात स्टेजवर 'कंपनीने माझं आयुष्य कसं बदललं' यावर पाच मिनिटं बोलायला सांगितलंय. ती विचारते, "ताई, त्यांनी जॉब दिला हेच खूप आहे. तक्रार केली तर उपकार विसरली म्हणतील आणि पुढे आमच्यातल्या कुणालाच घेणार नाहीत. गप्प राहून स्टेजवर बोलू, की राजीनामा देऊन परत जाऊ?"

तू ताई म्हटलंयस म्हणून मी पण तुला सरळ तूच म्हणते.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा एकाच ओळीवर थांबले. तू लिहिलंयस की सकाळी घरून निघताना बाटली भरून घेतेस कारण रिकामी बाटली टेबलावर ठेवली तर लोक विचारतात, आणि संध्याकाळी तीच भरलेली बाटली घरी नेऊन मोरीत ओततेस. हे आठ महिने चाललंय. त्यामुळे कायदा, एचआर, स्टेज हे सगळं नंतर, आधी या आठवड्यात डॉक्टरकडे जा. लघवी तुंबवून आणि पाणी न पिऊन होणारं इन्फेक्शन वर किडनीपर्यंत जाऊ शकतं, ताप येत असेल किंवा कंबरेत एका बाजूला दुखत असेल तर अजिबात थांबू नकोस. हार्मोन्स घेत असशील तर ते पण डॉक्टरला सांग, काही जणींना त्यात अशी गोळी असते जिने लघवीला जास्त होतं आणि अशा वेळी पाणी न पिणं अजूनच वाईट. आणि डॉक्टरकडून एक चिठ्ठी लिहून घे, की हिला पुरेसं पाणी पिणं आणि वेळेवर लघवीला जाणं गरजेचं आहे. ही चिठ्ठी पुढे लागेल.

आता तुझा प्रश्न. तू दोनच रस्ते मांडलेस, गप्प राहणं नाहीतर निघून जाणं, आणि दोन्हीच्या मुळाशी एकच समजूत आहे, की ही नोकरी म्हणजे तुझ्यावर केलेला उपकार आहे. मी जवळपास वीस वर्षं पर्सोनेल खात्यात काढली, शेकडो लोकांच्या ऑफर लेटरवर सह्या केल्या, एकही लेटर उपकार म्हणून निघालेलं नाही. कंपनीला बिलांच्या एंट्र्या करायला माणूस हवा होता, तू बी.कॉम. आहेस, तुला टॅली येतं, म्हणून तुझ्याशी करार झाला. तू वेळ देतेस, ते पगार देतात. तुझ्या शेजारी बसणाऱ्या मुलाला तर वाटत नसणार ना की मला घेतलं हेच खूप, आता मी काम मागू कशाला? मग तुलाच का वाटावं? मला कळतं का वाटतं ते. ज्याला सगळीकडून दार लावून घेतल्याची सवय झालीये त्याला कुणी दार नुसतं किलकिलं केलं तरी पाया पडावंसं वाटतं. पण त्या भावनेवर तुझा कामाचा दिवस चालवू नकोस, समोरच्याला ते सोयीचं पडतं.

कायदासुद्धा याच बाजूने आहे. २०१९ चा ट्रान्सजेंडर व्यक्ती हक्क संरक्षण कायदा आहे ना, त्याचं कलम ९ बघ. त्यात भरतीतच भेदभाव नको असं म्हणून थांबलेले नाहीत, नोकरी, भरती, बढती आणि त्यासंबंधीच्या इतर बाबी असं सगळं आहे. म्हणजे आत घेतलं आणि कोपऱ्यात रजिस्टरवर बसवलं तर जबाबदारी संपली असं होत नाही. आणि याच्याही आधी, एप्रिल २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने नाल्सा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्यात स्वतःची लैंगिक ओळख ठरवण्याचा हक्क हा माणसाच्या मूलभूत हक्कांचा भाग मानला. हे तुला माहीत असेलच, डेऱ्यात या निकालाची चर्चा झाली नसेल असं होणार नाही, मी फक्त एवढ्यासाठी सांगतेय की ऑफिसात कुणी म्हणालं 'आम्ही तुला सांभाळून घेतोय' तर मनात हे असू दे.

तुझी दुसरी भीती जास्त खोल आहे, की मी बोलले तर पुढच्या मुलींना घेणार नाहीत. यावर मी दोन दिवस विचार करत होते. तुमच्यातल्या एकीने चूक केली की सगळ्यांच्या नावावर जाते हे खरं आहे, आणि हे ओझं तुझ्यावर टाकणं अन्याय आहे. पण गप्प राहिल्याने पुढच्या मुलींचं भलं होतं का, हे बघू. २०१७ मध्ये कोची मेट्रो सुरू झाली तेव्हा वीसेक ट्रान्स व्यक्तींना नोकऱ्या दिल्या, तिकीट काउंटरपासून साफसफाईपर्यंत, केवढी बातमी झाली होती. आणि थोड्याच दिवसांत त्यातल्या काही जणी सोडून गेल्या. कारण काय, तर शहरात कुणी रूमच भाड्याने देईना, लॉजमध्ये रोजचे पैसे भरून राहायचं म्हणजे पगार त्यातच संपायचा. हे कारण आपल्याला आज माहीत आहे कारण त्या बोलल्या. त्या गप्प निघून गेल्या असत्या तर लोक काय म्हणाले असते ते तू पण सांगू शकतेस, 'यांना नोकरी दिली तरी टिकत नाहीत'. तू आत्ता कारण न सांगता राजीनामा दिलास तर तुझ्या कंपनीच्या फाइलमध्ये नेमकं हेच लिहिलं जाईल, आणि पुढची मुलगी आली तरी तिला तेच रजिस्टर आणि तीच किल्ली मिळेल.

टॉयलेटबद्दल मला एक गोष्ट कबूल करायचीय. मी ज्या ऑफिसात होते तिथे बऱ्याच वर्षांपूर्वी एक ट्रान्स मुलगी रुजू होणार होती. आम्ही बायकांनी एचआरच्या खोलीत तासभर मीटिंग घेतली, ती लेडीज टॉयलेटमध्ये येणार का, कुणाला अनकम्फर्टेबल वाटेल का, वेळा ठरवायच्या का. तिला बोलावलंच नव्हतं. मी स्वतः त्या मीटिंगचे मुद्दे लिहून घेतले. ती आली, पहिल्या आठवड्यात बेसिनपाशी हात धुताना आमच्या एका सिनियर बाईंनी तिला विचारलं, सेफ्टी पिन आहे का गं, पदर सुटलाय. तिने पर्समधून काढून दिली. त्यानंतर हा विषय कुणीच काढला नाही. तो कागद मी फाडून टाकला पण तिला न विचारता तिच्याबद्दल तासभर बोललो याची लाज मला अजून वाटते. म्हणून तुला सांगते, त्यांनी काय ठरवलंय ते तुला कुणीतरी तोंडी येऊन सांगितलंय, लेखी काहीही नाही, बहुतेक अशाच एखाद्या मीटिंगमधून आलेलं आहे आणि ते बदलू शकतं.

कामाच्या जागी पुरुष, स्त्री आणि ट्रान्सजेंडर कर्मचाऱ्यांसाठी टॉयलेटची पुरेशी, स्वतंत्र सोय हवी, असं २०२० च्या कामगार सुरक्षा आणि आरोग्य संहितेत स्पष्ट लिहिलंय, ही संहिता नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालीये. आता 'स्वतंत्र सोय' म्हटल्यामुळे काही कंपन्या वेगळं टॉयलेट दाखवून मोकळ्या होतात, आणि वेगळं हवं की आपल्या ओळखीचं हवं यावर ट्रान्स लोकांतही दोन मतं आहेत. तुला काय हवंय ते तूच ठरव. पण कुलूप लावलेलं टॉयलेट, ज्याच्यासाठी दर वेळी वॉचमनसमोर उभं राहून किल्ली मागावी लागते आणि तो जेवायला गेला की थांबावं लागतं, ती सोय नाहीच मुळी. आणि ज्यांच्यासाठी ते बांधलंय त्या दिव्यांग माणसांना पण ही किल्ली मागावी लागते का? मग हा प्रश्न तुझ्या एकटीचा राहत नाही.

आता नेमकं काय करायचं.

आधी ऑफर लेटर आणि कंत्राट काढून बस. त्यात पदाचं नाव आणि कामाचं स्वरूप काय लिहिलंय ते शब्दाला शब्द वाच. मग एका वहीत गेल्या आठ महिन्यांतल्या आठवतील त्या गोष्टी तारखेसकट लिही, कोण काय म्हणालं, तेव्हा समोर कोण होतं. तारीख नक्की आठवत नसेल तर 'दिवाळीच्या आधीचा आठवडा' असं लिहिलं तरी चालतं, पण आजपासून पुढचं मात्र त्याच दिवशी लिहायचं. स्वतःची लेटरं, पगाराच्या स्लिपा, तुला आलेले मेसेज यांच्या कॉपी स्वतःकडे ठेव, पण क्लायंटची किंवा कंपनीच्या हिशोबाची एकही फाइल पर्सनल मेलवर पाठवू नकोस, तक्रार करणाऱ्यालाच त्यावरून अडकवतात हे मी डोळ्यांनी बघितलंय.

मग दोन मेल कर, एकात दोन्ही विषय घालू नकोस. एका मेलमध्ये चार गोष्टी लिहिल्या की एचआर त्यातल्या सगळ्यात सोप्या गोष्टीचं उत्तर देतं आणि विषय मिटवतं, मी पण हे केलेलं आहे. पहिला मेल कामाचा, काहीसा असा: "माझ्या ऑफर लेटरनुसार बिल एंट्री आणि बँक रिकन्सिलिएशन हे माझं काम आहे. रुजू झाल्यापासून ते मला मिळालेलं नाही. येत्या सोमवारपासून यातलं कोणतं काम माझ्याकडे येईल आणि मी कुणाला रिपोर्ट करायचं ते कृपया कळवावं." (तुझ्या लेटरमध्ये जे शब्द असतील तेच वापर.) यात भेदभाव हा शब्दही नाही बघ. काम मागितल्याबद्दल कुणी तुला नाव ठेवू शकत नाही. दुसरा मेल टॉयलेटचा: कुलूप आजच काढावं, लेडीज टॉयलेट वापरायला हरकत असेल तर ती कोणत्या नियमाने ते लेखी द्यावं, आणि सोबत डॉक्टरची चिठ्ठी. लेखी मागितलं की निम्मे तोंडी नियम गायब होतात.

आठ-दहा दिवसांत काही हललं नाही तर पुढची पायरी. २०१९ च्या त्या ट्रान्सजेंडर कायद्याच्या कलम ११ प्रमाणे प्रत्येक आस्थापनेने, मग ती दहा माणसांची असो की दहा हजारांची, एक तक्रार अधिकारी नेमायचाच आहे. त्याच कायद्याच्या २०२० च्या नियमांप्रमाणे त्या अधिकाऱ्याने तक्रार आल्यापासून १५ दिवसांत चौकशी करायची आणि त्याच्या अहवालावर संस्थाप्रमुखाने पुढच्या १५ दिवसांत कारवाई करायची. समान संधी धोरण पण जाहीर करायचं असतं. बऱ्याच ठिकाणी असा अधिकारी नेमलेलाच नसतो, तरी विचार, 'आपल्याकडचे तक्रार अधिकारी कोण आहेत?' एवढ्या एका ओळीच्या मेलने किती धावपळ होते बघ. तू कंत्राटी आहेस म्हणून दोघे एकमेकांकडे बोट दाखवतील, कंपनी म्हणेल ठेकेदाराला विचार, ठेकेदार म्हणेल जागा त्यांची आहे. तू दोघांनाही एकाच मेलमध्ये टाक.

आणि यातलं कच्चं काय आहे ते पण सांगते, नाहीतर मी तुला फसवल्यासारखं होईल. या कायद्यात भेदभाव करू नका असं म्हटलंय पण नोकरीतला भेदभाव केला म्हणून मालकाला ठरावीक शिक्षा लिहिलेली नाही. कोर्टात जाता येतं, पण वेळ लागतो. जेन कौशिक या ट्रान्स शिक्षिकेला २०२२ मध्ये एका शाळेतून काढलं, पुढे दुसऱ्या राज्यातल्या शाळेने दिलेली ऑफरही मागे घेतली. ती सुप्रीम कोर्टापर्यंत गेली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये कोर्टाने तिला भरपाई दिली, सरकारांना कायदा कागदावरच ठेवल्याबद्दल सुनावलं आणि ट्रान्स व्यक्तींसाठी समान संधीचं धोरण तयार करायला न्यायमूर्ती आशा मेनन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. निकाल चांगलाच आहे, पण मधली जवळपास तीन वर्षं तिने कशी काढली असतील याचा विचार कर. तुझ्याकडे हातात तीन महिन्यांचं कंत्राट उरलंय. म्हणून मी म्हणते, आधी मेल, मग तक्रार अधिकारी, आणि त्याच वेळी दुसरीकडे अर्ज करायला सुरुवात. बाहेर पडायचं झालं तर दुसरं लेटर हातात घेऊन पड, राजीनाम्याच्या पत्रात कारण लिहून पड. आणि या नोकरीतून अनुभवाचं प्रमाणपत्र घ्यायचंय, त्यात 'अकाउंट्स' शब्द यायला हवा, त्यासाठी तरी उरलेल्या दिवसांत अकाउंट्सचं काम हातात येणं गरजेचं आहे.

'ऑपरेशन झालं का' विचारणाऱ्याला एकदाच, इतरांसमोर, शांतपणे सांग की हा प्रश्न मला पुन्हा विचारायचा नाही. पुन्हा विचारला तर तारीख, वेळ, शब्द वहीत. हा लैंगिक छळाचा विषय होऊ शकतो. २०१३ च्या कायद्यात तक्रार 'महिलेची' म्हटलीये आणि ट्रान्स स्त्रियांचा त्यात स्पष्ट उल्लेख नाही, त्यामुळे तुझ्या कंपनीची पॉलिसी वाच, बऱ्याच कंपन्यांनी ती सगळ्यांसाठी केलीये. तू स्त्री म्हणूनच अशा तक्रारी बघणाऱ्या कंपनीच्या अंतर्गत समितीकडे अर्ज दे, तू कोण आहेस हे त्यांना ठरवू देऊ नकोस.

नावाचं दोन भागांत बघ. ओळखपत्र, ईमेल, टेबलावरची पाटी, हाक मारायचं नाव, यासाठी कंपनीला कोणताही सरकारी कागद लागत नाही, मनात आणलं तर एका दुपारचं काम आहे, ते लगेच माग. पगार, पीएफ आणि टॅक्स यांना मात्र आधार आणि पॅनवरचंच नाव लागतं. ते बदलायचं असेल तर आधी जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळणारं ट्रान्सजेंडर ओळखीचं प्रमाणपत्र, मग आधार, पॅन (पॅनच्या अर्जात २०१८ पासून ट्रान्सजेंडर पर्याय आहे), बँक आणि मग पीएफ. पीएफला जुनाच यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) ठेवायचा आणि त्यातलं नाव दुरुस्त करायचं, घाईत कुणी नवीन नावाने दुसरा नंबर काढायला निघालं तर नको म्हण, आधीचे पैसे काढताना फार त्रास होतो. टीम लीडची गोष्ट वेगळी आहे. त्याला तुझं नाव माहीत आहे, तो कागदाचा आडोसा घेतोय.

रूमचं सगळ्यात अवघड वाटतं मला. भाड्याने राहण्यात भेदभाव करू नये असं २०१९ च्या कायद्याच्या कलम ३ मध्ये आहेच पण मालकाशी भांडून त्याच रूममध्ये राहणं किती सुखाचं होईल तूच बघ. लेखी करार असेल तर त्यात नोटिशीचा किती कालावधी आहे तो वाच, तेवढा तरी वेळ हक्काने माग आणि डिपॉझिट परत मिळाल्याशिवाय चावी देऊ नकोस. मधल्या काळात गुरूंकडे जाऊन राहायला काय हरकत आहे? तू पत्रात असं लिहिलंयस जणू डेऱ्यात पाऊल टाकलं की नोकरी हरली. ज्या घराने तुला दारातून बाहेर काढलं त्याच्यानंतर ज्यांनी ताटात वाढलं, परीक्षेची फी भरली, ते घरच आहे. लोक आईवडिलांकडे राहून नोकरी करत नाहीत का? तुझ्या गुरूंना तुझी काळजी वाटतेय, त्यांनी बाहेरच्या जगाचा मार खाल्लाय. त्यांच्याशी बस, सांग की मी परत येतेय पण सकाळी नऊला ऑफिसला जाणार आहे. त्या काय म्हणतील मला माहीत नाही, पण विचारल्याशिवाय तुलाही माहीत नाही. ते जमलंच नाही तर केंद्र सरकारच्या मदतीने चालणारी गरिमा गृह नावाची निवारागृहं काही शहरांत आहेत, तिथे तात्पुरती सोय होऊ शकते.

हे वाचणाऱ्यांत तिच्यासारख्या ऑफिसात शेजारच्या टेबलावर बसणारे पण असतील, त्यांना एकच विनंती. तिला स्फूर्तिदायक वगैरे म्हणू नका. डबा खायला बोलवा आणि बिलांचा एक गठ्ठा तिच्याकडे सरकवा, 'हे बघतेस का, माझ्याकडून होत नाहीये'.

राहिलं स्टेज. तिथे उभं राहून सगळ्यांसमोर टॉयलेटच्या किल्लीचा विषय काढावा असं तुला एका क्षणी वाटलं, तू लिहिलंयस. मला ते कळतं, पण पाच मिनिटांच्या टाळ्या नाहीतर पाच मिनिटांची शांतता, आणि दुसऱ्या दिवशी तू एकटी. आणि खोटं पण बोलू नकोस, ते रेकॉर्ड होईल आणि उद्या तक्रार केलीस तर तेच तुझ्यासमोर लावतील. त्यापेक्षा एचआरला आत्ताच उत्तर दे, की मी बोलेन, पण माझ्या कामावर बोलेन, आणि त्यासाठी आधी काम हवं. दोन्ही मेलची उत्तरं कार्यक्रमाच्या आधी आली, कुलूप निघालं, बिलं टेबलावर आली, तर जा आणि महिन्याभरात किती एंट्र्या केल्यास ते सांग. नाही आली तर "मला जमणार नाही" एवढा मेल पुरे आहे. कारण विचारलं तर आधीच्या दोन मेलच्या तारखा दे.